१२३४५६७८९ : अंकांचे गुण वेगळे, संख्येचे गुण वेगळे

दिग्रस तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतील मॅडमनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. आठवीच्या पोरांनी फळ्यावर १ ते ९ अंक ओळीने लिहिले आणि विचारले, ही मूळ संख्या आहे का? नसेल तर अवयव कोणते? गावातल्या एकाने ‘हिच्या अंकांची बेरीज शेवटी ९ येते, म्हणून ही शुभ संख्या’ असे पोरांना सांगून ठेवले आहे. गणिताच्या दृष्टीने तिच्यात खरेच काही विशेष आहे का, आणि मोबाईलला रेंज नसताना हे सगळे फळ्यावर दाखवता येईल का?

मॅडम, सरळ उत्तर आधी देतो. बारा कोटी चौतीस लाख छपन्न हजार सातशे एकोणनव्वद ही मूळ संख्या नाही. तिचे मूळ अवयव असे:

१२,३४,५६,७८९ = ३ × ३ × ३,६०७ × ३,८०३

फळ्यावर दाखवता येईल का, तर हो. खडू आणि एक तासिका पुरते. पण अवयवांकडे जाण्याआधी एक गोष्ट पोरांच्या डोक्यात पक्की बसवा, नाहीतर त्या शुभवाल्याशी बोलताना तुम्हीच अडकाल. संख्येचे काही गुण आपण ती ज्या रीतीने लिहितो त्या रीतीतून येतात. काही गुण मात्र ती कशीही लिहा, तिच्यात असतातच. अंकांची बेरीज ४५ आणि ४ + ५ = ९, हा पहिल्या जातीचा गुण. आपण दहा-दहाच्या पटीने मोजतो म्हणून तो दिसतो. हीच संख्या संगणकाच्या द्विमान पद्धतीत १११ ०१०१ १०११ ११०० ११०१ ०००१ ०१०१ अशी २७ अंकांत लिहावी लागते आणि तिथे अंकांची बेरीज १६ येते. मग शुभ कुठे गेले? ३,६०७ ने मात्र तिला कोणत्याही पद्धतीत लिहिले तरी निःशेष भाग जाणारच. पुढचे सगळे उत्तर याच दोन जातींच्या हिशेबाने वाचा.

नवाची कसोटी पोरांना पाठ असते, तिचे कारण सहसा माहीत नसते. कारण दोन ओळींचे आहे. १० म्हणजे ९ + १, १०० म्हणजे ९९ + १, १,००० म्हणजे ९९९ + १. म्हणजे कोणत्याही स्थानावरच्या एकाला ९ ने भागले की बाकी १ उरते, आणि त्या स्थानावर ७ असेल तर ७ उरतात. सगळ्या स्थानांचे उरलेले गोळा केले की ती अंकांची बेरीजच होते. इथे ती ४५, म्हणून ९ ने भाग जातो. आता यातून निघणारी गंमत बघा. १ ते ९ अंक एकेकदा घेऊन ते कसेही उलटसुलट लावा, बेरीज ४५ च राहणार. असे ३,६२,८८० प्रकार होतात. त्या सगळ्या संख्यांना ९ ने भाग जातो, म्हणून त्यांत एकही मूळ संख्या नाही. एकही भागाकार न करता साडेतीन लाखांहून जास्त संख्यांचा निकाल लागला! पोट्टे इथे हमखास खूश होतात.

मग कोणीतरी विचारेल, ‘मॅडम, आठच अंक घेतले तर?’ १ ते ८ ची बेरीज ३६, पुन्हा ९ च्या पाढ्यात, म्हणजे तिथेही मूळ संख्या नाही. सातच अंक घेतले तर बेरीज २८ येते, ९ ने भागून बाकी १ उरते आणि दार उघडते. १ ते ७ अंक एकेकदा वापरून होणारी सर्वांत मोठी मूळ संख्या ७६,५२,४१३ आहे. मात्र ओळीने लिहिलेली १२,३४,५६७ मूळ नाही. ती १२७ × ९,७२१ आहे. खरे तर १२, १२३, १२३४ पासून आपल्या संख्येपर्यंत या ओळीत एकही मूळ संख्या लागत नाही. १२३ = ३ × ४१, १,२३४ = २ × ६१७, १२,३४५ = ३ × ५ × ८२३. उरलेल्या संख्या पोरांना गृहपाठाला द्या.

आता अवयवांकडे. ९ ने भागून १,३७,१७,४२१ मिळतात. याच्या अंकांची बेरीज २६, म्हणून ३ चा आणखी अवयव नाही. २ आणि ५ शेवटच्या अंकावरूनच बाद. ७, ११ आणि १३ यांच्यासाठी तीन वेगळे भागाकार करू नका. ७ × ११ × १३ = १,००१ असल्याने उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून आलटूनपालटून वजा-अधिक केले की तिघांची परीक्षा एकदम होते. मूळच्या संख्येवर करा: ७८९ − ४५६ + १२३ = ४५६. या ४५६ ला ७ ने भागून बाकी १, ११ ने ५, १३ ने पुन्हा १. तिघेही बाद. ही युक्ती मी वर्गात नेहमी वापरत आलो, आणि पाठ्यपुस्तकात तिला जागा का मिळत नाही हे मला कधी उमगले नाही.

यापुढे नेहमीची वाट म्हणजे १७, १९, २३ असे एकेका मूळ संख्येने भागत जाणे. त्या वाटेने गेलात तर पहिला भाग जातो तो थेट ३,६०७ ने, आणि ३,६०७ ही २ पासून मोजत गेल्यास ५०४ वी मूळ संख्या आहे. पाचशे भागाकार कोण करणार? पोरे पंचविसाव्याला खिडकीबाहेर बघू लागतील.

म्हणून दुसरी वाट. ती सतराव्या शतकात फ्रान्समधल्या पिएर द फर्मा या गृहस्थाने दाखवली. पोटापाण्याला ते वकिली-न्यायालयाचे काम करत, गणित हा त्यांचा छंद. पण आपल्याकडच्या पोरांना ती वाट चौफुलीच्या कपाशीवरून जास्त लवकर कळते.

समजा १,३७,१७,४२१ झाडे चौफुलीवर लावायची आहेत, ओळी आडव्या-उभ्या सरळ, आणि शेत पूर्ण आयत हवे, एकही झाड कमी-जास्त नको. ओळी किती आणि एका ओळीत झाडे किती, हे शोधणे म्हणजेच अवयव शोधणे. आधी शेत चौरस करून बघा. वर्गमूळ ३,७०३ आणि वर काही येते, म्हणून चौरसाची बाजू ३,७०४ धरावी लागते. ३,७०४ चा वर्ग १,३७,१९,६१६. म्हणजे आपल्याकडच्या झाडांपेक्षा २,१९५ जागा जास्त झाल्या. या जास्तीच्या जागा स्वतःच एक छोटा चौरस होत असतील तर काम फत्ते. मोठ्या चौरसाच्या एका कोपऱ्यातून तो छोटा चौरस कापून टाकायचा, उरलेल्या ‘एल’ आकाराचा एक पट्टा कापून दुसऱ्या बाजूला जोडायचा, आणि नेमका आयत मिळतो. अ² − ब² = (अ − ब)(अ + ब) हे सूत्र म्हणजे हीच कापाकापी. वहीच्या चौकटीच्या कागदावर ७ चा चौरस घेऊन त्यातून ३ चा चौरस कापायला लावा. कात्रीने ४ × १० चा आयत झालेला दिसला की सूत्र पुन्हा विसरत नाहीत.

तर २,१९५ हा वर्ग आहे का? वर्गमूळ काढायची गरज नाही. शेवटी ५ असलेल्या वर्गाच्या शेवटी २५ च असतात, इथे ९५ आहेत, बाद. बाजू एकाने वाढवा, ३,७०५ करा. वर्ग नव्याने काढू नका. ३,७०४ च्या वर्गात ३,७०४ आणि ३,७०५ मिळवले की ३,७०५ चा वर्ग होतो, म्हणजे जास्तीच्या जागा ७,४०९ ने वाढल्या: २,१९५ + ७,४०९ = ९,६०४. आणि ९,६०४ म्हणजे ९८ चा वर्ग. (१०० − २ चा वर्ग करा: १०,००० − ४०० + ४.)

संपले. ३,७०५ − ९८ = ३,६०७ आणि ३,७०५ + ९८ = ३,८०३. पाचशे भागाकारांच्या जागी दोन वजाबाक्या. मला स्वतःला या संख्येतली सगळ्यांत देखणी गोष्ट हीच वाटते. अंकांचे मनोरे नंतर.

वर्गात कोणी चलाख पोरगी म्हणेल, ९ ने आधी भागलेच नसते तर? तरी चालले असते, फक्त चार पावले लागली असती. मूळ संख्येचे वर्गमूळ कृषी केंद्रातल्या १२ अंकी कॅल्क्युलेटरवर ११,१११.१११०६०५ असे दिसते (ते दाखवाच, पोरांचे डोळे मोठे होतात). म्हणून ११,११२ पासून सुरुवात. जास्तीच्या जागा अनुक्रमे १९,७५५, ४१,९८०, ६४,२०७ आणि ८६,४३६. पहिली ५५ मध्ये संपते, दुसरी एकाच शून्यात, तिसरी ७ मध्ये. यातली एकही वर्ग असू शकत नाही. चौथी २९४ चा वर्ग आहे. म्हणून १२,३४,५६,७८९ = ११,११५² − २९४² = १०,८२१ × ११,४०९. यातला पहिला ३,६०७ ची तिप्पट, दुसरा ३,८०३ ची तिप्पट.

आता ३,६०७ आणि ३,८०३ मूळ आहेत हे पटवायला हवे. दोघांची वर्गमुळे अनुक्रमे ६१ आणि ६२ च्या आत आहेत, आणि १३ पर्यंतच्या मूळ संख्या आपण आधीच बाद केल्या. म्हणून पहिल्यासाठी १७ ते ५९ आणि दुसऱ्यासाठी १७ ते ६१ एवढ्याच मूळ संख्या तपासायच्या. सगळे मिळून २३ भागाकार होतात. पटावरच्या पोरांत एकेक वाटून द्या, पाच मिनिटांत होते. तुमच्या पडताळ्यासाठी ३,६०७ च्या बाक्या देतो, १७ पासून क्रमाने: ३, १६, १९, ११, ११, १८, ४०, ३८, ३५, ३, ८. आणि ३,८०३ च्या: १२, ३, ८, ४, २१, २९, ३१, १९, ४३, ४०, २७, २१. कुठेही शून्य नाही.

फर्माची वाट इथे इतकी सोपी गेली कारण दोन अवयव एकमेकांच्या जवळ आहेत. प्रत्येक वेळी नशीब असे साथ देत नाही. उलट लिहिलेली ९८,७६,५४,३२१ घ्या. तिचे अवयव ३ × ३ × १७ × १७ × ३,७९,७२१. तिथे १७ ने भागून बघणारा लगेच जिंकतो आणि चौरसवाला चालतच राहतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी लहान मूळ संख्यांनी भागून बघा, मग चौरस लावा. हे फक्त शाळेपुरते नाही. इंटरनेटवरच्या सुरक्षित व्यवहारांत वापरली जाणारी आरएसए पद्धत १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी मांडली. तिचे कुलूप म्हणजे दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार. गुणाकार उघड असतो, अवयव गुप्त. २५० अंकी अशा एका आव्हान-संख्येचे अवयव काढायला २०२० साल उजाडावे लागले आणि असंख्य संगणक जुंपावे लागले. पण कुलूप बनवणाऱ्याने दोन मूळ संख्या अगदी शेजारच्या निवडल्या तर? तर आपण फळ्यावर केले तेच करून ते उघडते. म्हणून त्या एकमेकींपासून पुरेशा दूर आहेत ना, हे बघावेच लागते.

अवयव हाती आले की बाकीचे गुण भराभर निघतात. एकूण विभाजक १२, म्हणजे पूर्ण १२,३४,५६,७८९ झाडे चौफुलीवर लावली तर शेताचे आयत सहाच प्रकारचे. त्यांत सर्वांत चौरसाजवळचा १०,८२१ × ११,४०९. (तीन बाय तीन फुटांवर लावले तर एकरी ४,८४० झाडे बसतात, म्हणजे हे शेत सुमारे साडेपंचवीस हजार एकरांचे होईल. एवढी जमीन आपल्या भागात कोणाकडे नाही, तेव्हा कागदावरच ठेवू.) संख्या सोडून बाकी विभाजकांची बेरीज ५,४९,६६,०२७ येते, संख्येच्या निम्म्याहूनही कमी, अशा संख्येला न्यून म्हणतात. तिच्याहून लहान आणि तिच्याशी १ खेरीज एकही सामाईक विभाजक नसलेल्या संख्या ८,२२,६०,०७२. हा आकडा ६ × ३,६०६ × ३,८०२ असा येतो. आरएसएचे गणित याच आकड्यावर उभे असते.

एक जागा मात्र सावकाश घेण्यासारखी आहे. ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येईल का? कोणत्याही वर्गाला ४ ने भागले तर बाकी ० किंवा १ च उरते. म्हणून दोन वर्गांच्या बेरजेची बाकी ०, १ किंवा २ असते, ३ कधीच नाही. आपल्या संख्येचे शेवटचे दोन अंक ८९, बाकी १. म्हणजे वरवर बघता हरकत दिसत नाही. इथे फसू नका. अवयवांची बाकी बघा: ३,६०७ ची ३ आणि ३,८०३ चीही ३. ३ × ३ = ९ होतात आणि ९ ची बाकी १, म्हणून दोष झाकला गेला. पण ४ ने भागून ३ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेला भागत असेल, तर ती त्या दोन्ही वर्गांच्या पायांना वेगवेगळे भागतेच, आणि मग बेरजेत ती दोनदा यायला हवी. ३,६०७ इथे एकदाच आहे. म्हणून उत्तर: नाही, कितीही शोधा, सापडणार नाही. दोन वर्गांचा हा नियमही फर्मांनीच सांगितला. सिद्धता पुढे ऑयलरने दिली. आठवीला सिद्धता जड जाईल, पण ‘कधीच सापडणार नाही’ असे गणितात ठामपणे म्हणता येते, हे त्यांना ऐकू द्या.

तीन वर्ग घेतले तर जमते. ८ ने भागून ७ उरत असते तर तेही जमले नसते; इथे ५ उरतात. एक जोडणी मी देतो, पोरांना कॅल्क्युलेटरवर पडताळू द्या:

११,१००² + ४९५² + ४२² = १२,३२,१०,००० + २,४५,०२५ + १,७६४ = १२,३४,५६,७८९

आता पहिल्या जातीचे, म्हणजे लिखाणाचे गुण. व्हॉट्सअॅपवर ‘चमत्कारी संख्या’ म्हणून जे फिरते ते बहुतेक यांतलेच असते. मी त्यांना कमी लेखत नाही. कारण सांगितले तर त्यांतही चांगले गणित आहे. कारण न सांगता फिरवले तर नुसता तमाशा.

संख्येला २ ने गुणा: २४६९१३५७८. ४ ने: ४९३८२७१५६. ५ ने: ६१७२८३९४५. ७ ने: ८६४१९७५२३. ८ ने: ९८७६५४३१२. प्रत्येक वेळी १ ते ९ सगळे अंक, एकेकदाच, फक्त जागा बदलून. पण ३ ने गुणले की ३७०३७०३६७ आणि ६ ने ७४०७४०७३४; सगळे बिघडते. ‘काऊन बिघडते?’ असे पोर विचारेलच. २ ने गुणलेल्याकडे डावीकडून बघा: २, ४, ६, मग ८ च्या जागी हातच्यामुळे ९, मग १, ३, ५, ७, आणि शेवटी उरलेला ८. अंक दोन-दोनच्या उड्या मारत नवाच्या चक्रात फिरतात. ज्या उडीचा ९ शी सामाईक अवयव नाही, ती चक्रातल्या सगळ्या घरांना शिवते. ३ ची उडी तिसऱ्या उडीला सुरुवातीच्या घरी परत येते, म्हणून तेच ते अंक पुन्हा पुन्हा दिसतात.

दुसरे असे की ८ ने गुणून ९ मिळवले तर संख्या बरोबर उलटी होते: १२३४५६७८९ × ८ + ९ = ९८७६५४३२१. याचे कारण असे. ९ ने गुणून १० मिळवले तर १,११,११,११,१११ येतात, दहा एकांची रांग. तिच्यातून १२,३४,५६,७९० वजा करा, म्हणजे संख्या एकदा आणि वर १. उलटी संख्या तयार. यावरून दोघींचा मसावि एका ओळीत निघतो. मोठीला लहानीने भागले तर भागाकार ८, बाकी ९, ९ ने लहानीला निःशेष भाग जातो, मसावि ९.

कापरेकरांचे नाव इथे यायलाच हवे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) देवळालीला शाळेत शिकवत आणि संख्यांशी खेळत. त्यांची ६१७४ प्रसिद्ध आहे. चार अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाने लावलेले वजा करा; ७,६४१ − १,४६७ पुन्हा ६,१७४ च देते. हाच खेळ आपल्या नऊ अंकांवर करा: ९८७६५४३२१ − १२३४५६७८९ = ८६४१९७५३२. या उत्तरात पुन्हा १ ते ९ सगळे अंक आहेत. म्हणजे पुढची वजाबाकीही तीच, आणि उत्तरही तेच. नऊ अंकी संख्यांत अशा स्वतःवरच थांबणाऱ्या संख्या दोनच, ही एक आणि ५५४९९९४४५ दुसरी. वर ७ ने गुणून आलेल्या ८६४१९७५२३ शी ही ताडून बघा, फक्त ९ चा फरक दिसेल. उलटी संख्या म्हणजे आठपट अधिक ९. त्यातून एकपट गेली, उरले सातपट अधिक ९.

कापरेकरांनीच अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’ हे नाव दिले. आपली संख्या हर्षद नाही. बेरीज ४५, त्यात ५ आहे, आणि संख्या ९ ने संपते. मात्र तेच अंक असे लावा की शेवटी ५ येईल, आणि संख्या हर्षद होते. असे ४०,३२० प्रकार आहेत.

आणि सगळ्या ३,६२,८८० प्रकारांची बेरीज किती? हा प्रश्न नवा नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ.स. ११५०) अंकपाश नावाच्या भागात नेमकी हीच रीत सांगितली आहे. प्रत्येक स्थानावर प्रत्येक अंक ४०,३२० वेळा येतो, म्हणून बेरीज ४०,३२० × ४५ × ११,११,११,१११ = २०,१५,९९,९९,९७,९८,४००. सरासरी काढली तर ५५,५५,५५,५५५ येते, कारण १ ते ९ ची सरासरी ५ आणि ती प्रत्येक स्थानावर एकदा.

२२ डिसेंबरच्या गणित दिवसाला यातले टेबलावर ठेवायचे असेल तर माझी निवड सांगतो. विभाजकांची यादी वगैरे तक्ते कोणी वाचत नाही. १ ते ९ ची मोठी कार्डे करा. गावातल्या माणसाला ती मनाला येईल तशी लावायला सांगा, आणि पोरीने न बघता म्हणावे, ‘काका, याला नऊने भाग जाते.’ मग ५ चे कार्ड शेवटी ठेवायला सांगून ४५ ने भाग घालून दाखवावा. शेजारी चौकटीच्या कागदाचा ७ चा चौरस आणि कात्री ठेवा, फर्मासाठी. तो शुभवाला आला तर त्याच्या हातीही कार्डे द्या, आणि त्याने संख्या लावली की तिथेच नवाच्या कसोटीचे कारण पोरांना बोलू द्या. शून्याचे कार्ड घातले तरी बिघडत नाही. बेरीज ४५ च राहते, फक्त मग शेवटी ५ ऐवजी ० आला तरी ४५ ने भाग जातो, एवढे पोरांना आधी सांगून ठेवा.